टीचरांचे छर्रे

आमच्या टीचर छर्रे धुवायच्या. कपडे धुवावेत, भांडी धुवावीत, तसे एअर रायफलचे शिशाचे छर्रे त्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवायच्या. मग ते पंचावर पसरून सावलीत वाळवायच्या आणि शिवणयंत्राच्या तेलाचं बोट लावलेल्या फडक्यात घोळवायच्या. हे सगळं आचऱ्यात त्यांच्या घराच्या मागच्या पडवीत चालायचं. पलीकडे माड, माडांच्या पलीकडे समुद्र. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. गावातल्या बऱ्याच लोकांचं तेच मत होतं, आणि टीचरांना ते माहीतही होतं.

हायस्कूलमध्ये त्या भूगोल शिकवायच्या. ठेंगण्या, सडसडीत, केस कानापर्यंत कापलेले, फ्रॉकवर बाराही महिने एक करडा स्वेटर. वर्गात प्रमाण मराठी बोलायच्या, वर्गाबाहेर पाऊल पडलं की मालवणी. त्यांचे यजमान जहाजावर इंजिनीअर होते, आता निवृत्त होऊन घरी आले होते. त्यांना आम्ही अंकल म्हणायचो. घरातला स्वयंपाक अंकल करायचे, कारण टीचरांनी केलेला स्वयंपाक पूर्ण व्हायलाच फार वेळ लागायचा. त्या भेंडी चिरायला बसल्या की आधी भेंड्या लांबीप्रमाणे लावायच्या.

बाजारातही तेच. मासेवालीशी त्या भावावरून कधी घासाघीस करत नसत. त्यांची घासाघीस मापावरून असे. टोपलीतले बांगडे उचलून एकमेकांशेजारी धरायच्या आणि परत ठेवायच्या. शेवटी मासेवाली वैतागायची.

"टीचर, बांगडे काय साच्यात ओततत? दर्यात गावले तसे हाडलंय."

"माका म्हायत आसा गो. पण चार तरी एका मापाचे दी. तव्यार एक करपता नि एक कच्चो रवता."

आणि मासेवाली टोपलीत हात घालून चार सारखे बांगडे शोधून द्यायची. पुढेपुढे तर ती टीचरांसाठी वेगळे काढूनच ठेवायला लागली.

शाळेत एअर रायफली कशा आल्या, तर मुंबईच्या कुणा माजी विद्यार्थ्याने हौसेने देणगी दिल्या होत्या. त्यांना परवाना लागत नाही, मुलं नेम शिकतील, असा त्याचा विचार. पण शिकवायला कुणी नव्हतं. रायफली प्रयोगशाळेच्या कपाटात पडून राहिल्या आणि खारट हवेने त्यांना गंज धरला. टीचर एकदा त्या कपाटात जुना नकाशा शोधायला गेल्या आणि त्यांना तो गंज दिसला. नेमबाजीशी त्यांचा तोवर काडीचा संबंध नव्हता. पण गंज त्यांना बघवला नाही. त्यांनी रायफली घरी नेल्या, अंकलांकडून साफ करून घेतल्या आणि मग साफ झालेली वस्तू चालते की नाही हे पाहायचं म्हणून एक रायफल सुताराच्या शेगड्यात, म्हणजे लाकूड धरायच्या लोखंडी पकडीत, रबर लावून घट्ट आवळली. दहा मीटरवर पुठ्ठा लावला. हात नाही, श्वास नाही, माणूसच नाही. रायफल हलण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही पुठ्ठ्यावर भोकं पडली ती सांडलेल्या मोहरीसारखी, एक इकडे, एक तिकडे.

दुसऱ्या डब्यातले छर्रे घेतले तर भोकं जरा जवळ आली. तिसऱ्या डब्यातले घेतले तर आणखी वेगळीच पांगली. टीचर त्या पुठ्ठ्यांसमोर संध्याकाळभर बसून राहिल्या, असं अंकल सांगायचे. "त्या दिवसापासून माझी बायल माका गावली नाय," असंही म्हणायचे, पण हसून.

टीचरांच्या लक्षात आलं ते एवढंच, की दोष रायफलीचा नव्हता. वरून एकसारखे दिसणारे छर्रे एकसारखे नव्हते. कुणी किंचित जड, कुणी किंचित हलका. कुणाचं डोकं बारीक, कुणाचा मागचा घेर डब्यात एकमेकांवर आपटून वाकडा झालेला. आणि सारख्या नसलेल्या वस्तू एका डब्यात नांदताहेत, ही गोष्ट टीचरांना सहन होणारी नव्हती.

हेडमास्तरांनी त्यांना एकदा विचारलं होतं, "टीचर, तुम्हाला नेम मुलांना शिकवायचाय की बंदुकीला?"

"आधी बंदुकीला," टीचर म्हणाल्या होत्या. "मुलांचा नेम चुकला, तर मुलांचाच चुकला हे मला कळायला नको का?"

त्यांनी मालवणातल्या एका सोनाराकडून जुना इलेक्ट्रॉनिक काटा मिळवला. शाळेच्या फुटक्या शोकेसची काच आणून पडवीत किंचित उतरती बसवली. छर्रा तिच्यावर आडवा सोडला की त्याच्या डमरूसारख्या बारीक कमरेमुळे तो सरळ न जाता वळण घेऊन घरंगळतो. एका घडणीचे छर्रे एकच वळण घेतात आणि खाली एकाच जागी येऊन थांबतात. वाकडा असेल तो भलतीकडे जातो. टीचर एकेक छर्रा सोडायच्या आणि तो कुठे थांबतो ते बघायच्या. वेगवेगळ्या वजनाचे छर्रे वेगळे ठेवायला त्यांनी घरातलं आप्पेपात्र घेतलं. शिसं पोटात जाऊ नये म्हणून त्याच्या कडेला लाल रंगाचा पट्टा ओढला आणि ते स्वयंपाकघरातून कायमचं बाद केलं. अंकलांना आप्पे फार आवडायचे. नवं आप्पेपात्र आणलं तर तेही पडवीत गेलं, म्हणून त्यांनी तिसरं आणलं नाही.

देवगडच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा एक लेथवाला होता. त्याच्याकडून टीचरांनी पितळेची एक नळी करून घेतली. छर्रा तिच्यातून हलकेच ढकलला की सगळ्यांची डोकी एका मापाला येत. ती नळी मनासारखी होईपर्यंत त्या इतक्या वेळा देवगडला गेल्या, की शेवटी लेथवाला म्हणाला, "टीचर, आता ह्यां माप माझ्या डोळ्यांक दिसना नाय. तुमी देवाक सांगा." टीचर म्हणाल्या, "देवाक सांगलंय. तेणीच तुझ्याकडे धाडलां."

आम्हा मुलींना त्या एकच गोष्ट पुन्हापुन्हा ऐकवायच्या. "माका बरो छरो नको. सारखो होयो." डब्यात एखादाच उत्तम छर्रा असून काय उपयोग? उत्तम नसला तरी चालेल, पण मागचा जिथे गेला तिथेच पुढचा जायला हवा. मग नेम कुठे धरायचा ते आपण ठरवू. आम्ही त्यांच्या पाठीमागे या वाक्याची नक्कल करायचो. आज मी कोल्हापुरात मुलींना नेमबाजी शिकवते, आणि माझ्या विद्यार्थिनी माझ्या पाठीमागे माझी नक्कल करतात.

मी आचऱ्याची नाही. आमचं गाव मसुऱ्याच्या वाटेवर, आत. शाळेसाठी एसटीने यायचे. वडील दुसऱ्यांच्या बागांतून कलमं राखायला जायचे, आई काजूच्या कारखान्यात. टीचरांनी मला नेमबाजीत घेतलं ते माझा नेम बघून नव्हे. भूगोलाच्या वहीत मी नकाशाच्या किनाऱ्याची रेघ शेवटपर्यंत एकाच जाडीची काढायचे, म्हणून घेतलं. तसं त्यांनी मला सरळ सांगितलंही होतं.

आईला हे पसंत नव्हतं. "चेडवाक बंदूक कित्याक होयी?" एवढंच ती म्हणाली, आणि मी शाळा सुटल्यावर थांबायचं बंद केलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी टीचर छत्री घेऊन आमच्या अंगणात हजर झाल्या. एसटीतून उतरून चढणीवरून चालत आल्या होत्या. आईने त्यांना पाट दिला, पाणी दिलं आणि घरच्या भाजलेल्या काजूंची बशी पुढे ठेवली.

टीचर बोलत होत्या आणि बोलताबोलता त्यांची बोटं नेहमीच्या सवयीने बशीतले काजू लावत होती. मोठे एका बाजूला, लहान एका बाजूला, तुकडे वेगळे. मुलगी हुशार आहे, तिला पुढे जाता येईल, असं काहीबाही चाललं होतं. आईचं त्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. ती बशीकडे बघत होती. शेवटी तिने हात पुढे केला आणि मोठ्या काजूंतला एक उचलून तुकड्यांत टाकला.

"ह्याका आतून चीर आसा," ती म्हणाली.

टीचरांनी तो काजू उचलून उजेडाकडे धरला. चीर होती. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि मग बंदुकीचा विषय काढायची गरज पडली नाही. जाताना आई म्हणाली, "तिका शाळेत ठेवा, पण शेवटच्या गाडयेन धाडा." दुसऱ्या दिवसापासून मी परत रेंजवर.

रेंज म्हणजे शाळेची लांब पडवी. एका टोकाला पुठ्ठे, दुसऱ्या टोकाला आम्ही. वारा येऊ नये म्हणून गोणपाटाचे पडदे. टीचर स्वतः कधीच नेम धरायच्या नाहीत. रायफल शेगड्यात असेल तेव्हाच त्या तिला हात लावायच्या. मी एकदा विचारलं, "टीचर, तुमी कधी मारणास नाय?" त्या म्हणाल्या, "माका नेमाचां काय पडलेलां नाय गो. माका त्या एका भोकात दुसरां भोक पडताना बघूचां असता." एका भोकात दुसरं भोक. वर्षभर धडपडून एक दिवस त्यांना ते मिळालं. एका साध्या, स्वस्त, देशी डब्यातले छर्रे, धुऊन, निवडून, नळीतून काढून, एका ठरावीक वजनाचे. शेगड्यातल्या रायफलीतून छर्रे सुटत राहिले आणि पुठ्ठ्यावर एकच भोक राहिलं, जरासं रुंद झालेलं. टीचरांनी तो पुठ्ठा अंकलांना दाखवला. अंकलांनी तो फ्रेम करून घरातल्या क्रॉसच्या खाली लावला. तो अजून तिथे आहे.

त्या छऱ्यांवर आम्ही जिल्ह्यात जिंकलो, विभागात जिंकलो. राज्य स्पर्धेसाठी माझी निवड झाली. टीचरांनी माझ्यासाठी म्हणून निवडलेले छर्रे काचेच्या बरण्यांत भरून ठेवले होते. ते काम एकटीने करायला त्यांना कितीतरी महिने लागले होते.

आणि स्पर्धा तोंडावर असताना वादळ आलं. किनाऱ्यावरच्या घरांवरची कौलं पत्त्यांसारखी उडाली, माड आडवे झाले, टीचरांच्या पडवीत समुद्राचं पाणी शिरलं. दोन दिवसांनी वाट मोकळी झाली तशी मी गेले. अंकल घरावर ताडपत्री बांधत होते. टीचर पायरीवर बसून पिठाच्या चाळणीने चिखल चाळत होत्या. बरण्या फुटल्या होत्या. चाळणीत शिंपल्यांचे तुकडे, वाळू, काचा आणि त्यांत छर्रे. सगळ्या वजनांचे, सगळ्या मापांचे, एकमेकांत मिसळलेले, खारट पाण्याने पांढरट पडलेले.

मला रडू आलं. टीचर रडल्या नाहीत. त्या मूठभर छर्रे हातात घेऊन बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्ये गेले."

नवे डबे मिळणं कठीण नव्हतं. त्याच जातीचे डबे कोल्हापूरच्या दुकानातून आले. पण ते निवडणार कोण आणि कधी? मी म्हणाले, "टीचर, तसेच वापरूया. बाकीचे सगळे तसेच वापरतत."

"वापर," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण एक धा सोडून नऊर गेलो, तर कोणाक इचारशीत? छऱ्याक, की स्वतःक?"

मी घरी गेले आणि जेवताना आईला सगळं सांगितलं, म्हणजे आता काही खरं नाही, असंच सांगितलं. आईने विचारलं, "त्यात काय बघूचां असता?"

मी सांगितलं. घेर वाकडा आहे का, कुठे चेपलाय का, कड फाटलीय का, आत कचरा आहे का.

आईने भाताचा घास कालवला. "नि ह्यां बघूक तुमका म्हयने लागतत?"

रविवारी चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये आईच्या कारखान्यातल्या बायका जमल्या. काही काजू फोडणाऱ्या, काही आईसारख्या निवडणाऱ्या. कुणी आईच्या शब्दासाठी आली होती, कुणी टीचरांचं वेड बघायला. टीचरांनी जमिनीवर पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. त्यांनी भिंगं आणली होती, ती कुणी घेतली नाहीत. टीचरांनी चांगला छर्रा दाखवला, वाईट दाखवला आणि कडक आवाजात सांगितलं, की हे शिसं आहे, तोंडाला हात लावायचा नाही, साबणाने हात धुतल्याशिवाय चहा नाही.

"काजयेच्या तेलान हात सोलतत तेवां आमका कोणी साबण दिल्यान नाय," एक वयस्क बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. टीचर हसल्या नाहीत. त्या बाईचे हात त्यांनी आपल्या हातात घेऊन पाहिले. पुढच्या रविवारी त्या सगळ्यांसाठी हातमोजे आणि खोबरेल घेऊन आल्या, आणि नंतर कारखान्याच्या मालकालाही जाऊन भेटल्या. पण ते पुढचं.

त्या दिवशी बायकांची बोटं चालू झाली. छर्रे चादरीवर पसरायचे, हाताने एकदा फिरवायचे, आणि वाईट तेवढे चिमट्याने अलगद बाहेर. गप्पा चालूच. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या वादळात पडलेल्या फणसाचं. टीचर चादरीच्या कडेला गुडघ्यांवर बसून बघत होत्या. मग त्यांनी निवडलेल्यांतले मूठभर उचलले, हॉलच्या कोपऱ्यात काच लावली आणि एकेक सोडायला लागल्या. सगळे एकाच वळणाने खाली येत होते. एकही भलतीकडे गेला नाही. टीचर परत आल्या, आईशेजारी मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "माका शिकव."

आई लाजली. "तुमका काय शिकवतलंय टीचर? नुसतां बघूचां."

"तांच शिकव."

असे काही रविवार गेले. वजन करायचं काम आणि नळी टीचरांची, बाकी सगळं बायकांचं. मला मात्र छऱ्यांना हात लावू दिला नाही. माझं काम शाळेच्या पडवीत उभं राहून श्वास सांभाळायचं.

राज्य स्पर्धेची पुण्याची रेंज मी आधी फक्त फोटोत पाहिली होती. थंडगार हॉल, समोर पडदे, प्रत्येक गोळी कुठे लागली ते लगेच आकड्यात दिसणार. शेजारच्या मुलींची जाड जाकिटं, नव्या रायफली. मी शाळेच्या जुन्या रायफलीला घट्ट धरून उभी. टीचर प्रेक्षकांत माझ्या पाठीमागे बसल्या, पण पाठ फिरवून. त्यांनी पिशवीतून ॲटलास काढला आणि वाचायला लागल्या. आधीच सांगून ठेवलं होतं, "माझां काम काल संपलां. आता माझ्याकडे बघू नको."

सुरुवातीलाच एक गोळी खाली गेली. नऊसुद्धा नाही, आठ. सवयीने मी पुढचा छर्रा बोटात धरून निरखायला लागले, की यात काही दोष आहे का. आणि मला एकदम त्या चादरी आठवल्या. यावरून आईची नजर फिरलेली होती. तिला जर यात खोट दिसली नव्हती, तर यात खोट नव्हती. मग जे काही चुकलं होतं ते माझ्यात होतं. आश्चर्य म्हणजे त्या विचाराने मला हलकं वाटलं. माझ्यातली चूक मला सुधारता येत होती. गाल जरा जास्त दाबला जात होता. मी रायफल खाली घेतली, श्वास सोडला, परत उचलली. दहा. मग परत दहा. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही, रायफल हातात अशी बसली होती की ती वेगळी अशी जाणवत नव्हती.

मला कांस्य मिळालं आणि राष्ट्रीय स्पर्धेला जायची पात्रता. आमच्या शाळेतून, आमच्या तालुक्यातूनही, तोवर कुणीच गेलेलं नव्हतं. एका मोठ्या अकादमीचे प्रशिक्षक टीचरांजवळ आले. त्यांनी शाळेच्या रायफलीकडे पाहिलं, मग अदबीने विचारलं, "मॅडम, छर्रे कुठले वापरता?"

टीचरांनी ॲटलास मिटला. "आचऱ्याचे," त्या म्हणाल्या.

प्रशिक्षकांना ते कुठल्या कंपनीचं नाव वाटलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

शाळेने सत्काराचा कार्यक्रम केला. तालुक्यातले एक पुढारी पाहुणे होते. मला मखमली डबीत माझंच पदक परत दिलं, टाळ्या झाल्या. मग टीचरांचा सत्कार पुकारला. टीचर मंचावर आल्या, पाहुण्यांनी शाल घातली, नारळ द्यायला हात पुढे केला. पण टीचर नारळ न घेता माइककडे वळल्या. त्यांनी भाषण केलं नाही. काजू कारखान्यातल्या बायकांची एकेक करून पूर्ण नावं घेतली, नवऱ्याच्या, गावाच्या नावासकट, वर्गात हजेरी घ्यावी तशी. एकेक बाई मागच्या बाकांवरून उठून, पदर सावरत, कुणाला तरी कोपराने ढकलत मंचावर आली. शेवटचं नाव माझ्या आईचं होतं.

मंचावर उभं राहून काय करायचं हे कुणालाच कळेना. पाहुण्यांनी प्रसंग सांभाळायला आईला विचारलं, "काय मावशी, मुलीचं पदक पाहिलंत की नाही?"

"खंय?" आई म्हणाली. "हातात खंय दिल्यानी."

मी डबी उघडून पदक तिच्या हातात ठेवलं. आईने ते तळव्यावर तोललं. मग बोटांत धरून दिव्याकडे केलं आणि कडेकडेने फिरवत नीट बघितलं.

"बरां आसा," ती म्हणाली. "कडेक जरा चीर गेली हा."

माइक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. शाळा हसून हसून लोळायला आली. पाहुणेही हसले, आणि नारळ घेऊन टीचरांकडे वळले. पण टीचर तिथे नव्हत्या. त्या आईच्या शेजारी जाऊन पोचल्या होत्या.

"खंय गो? दाखव."

"ह्यां बघा. हंय."

"थांब, उजेडाक धर."

पाहुणे नारळ हातात घेऊन उभे होते, हेडमास्तर माइककडे बघत होते, आणि मंचाच्या मधोमध त्या दोघी कपाळाला कपाळ लावून माझ्या पदकाची चीर बघत होत्या.